दोन मिनिटांचा थांबा

पवनने पुन्हा चावी फिरवली. जीपचं इंजिन घरघरलं, दोन-चार धापा टाकून गप्प झालं.

"गारठली," तो म्हणाला. "पानी आन अजून. चांगलं कढत."

हौसाबाई तिसऱ्यांदा चुलीकडे धावली. पहाटे पाचपासून हेच चाललं होतं. आसेगावात डिसेंबरची अशी थंडी पडली होती की वांग्याच्या पानाला हात लावला तरी बोटं बधिर व्हायची. जुनी डिझेलची गाडी अशा थंडीत अडायचीच. तिचा नवरा रंगराव वीस वर्षं याच जीपमधून भाजी मंगरूळपीरच्या बाजारात न्यायचा आणि ती शेजारी बसायची. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आज बाजार नव्हता. आज वाशिमच्या स्टेशनवर तिची लेक दिसणार होती. दोन वर्षांपूर्वी सुप्रियाने दुसऱ्या जातीतल्या प्रसेनजितशी लग्न केलं. तेव्हापासून तिच्या भावाने, पवनने, तिला घर बंद केलं होतं. आता प्रसेनजितला हैदराबादला नोकरी लागली होती. अकोल्याहून सुटलेली त्यांची रेल्वे सात-दहाला वाशिमला येणार, दोन मिनिटं थांबणार आणि पुढे जाणार. सुप्रियाजवळ चार महिन्यांची मुलगी होती. हौसाबाईने नात अजून पाहिली नव्हती.

पवनला विचारताना तिची जीभ अडखळली होती. पण तो एवढंच म्हणाला होता, "चाल, नेतो मी." त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

तिने आणलेलं पाणी पवनने बॉनेटखालच्या डिझेलपंपावर ओतलं. वाफ उठली. त्याने चावी फिरवली. काहीच झालं नाही.

"देवमनची ऑटो सांगू का रे?"

"ऑटोत गारठून मरशील. पाच मिनिटं थांब, होते आता."

त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. एवढ्या थंडीतही कपाळावर घाम होता. हौसाबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं. "किती करशील बाबा," ती म्हणाली.

वाशिम तासाभराच्या वाटेवर होतं. सहा वाजले, सव्वासहा झाले, मग तिने घड्याळाकडे बघायचं सोडलं. सात वाजता पवनने बॉनेट खाली टाकलं.

"नाही होत माय. या थंडीनं घात केला."

तो हात धुवायला टाक्याकडे गेला. जीपचं उघडं दार दिसलं तशी हौसाबाई आत, चालवणाऱ्याच्या जागेवर टेकली. आणि तिची नजर स्टिअरिंगच्या खाली गेली.

तिथे एक काळी मूठ होती. गाडी बंद करायची असली की रंगराव ती मूठ बाहेर ओढायचा. चालू करण्याआधी आत ढकलायचा. ती बाहेर असेपर्यंत इंजिनला डिझेल मिळत नाही, मग चावी कितीही फिरवा. वीस वर्षं तिने हे शेजारी बसून पाहिलं होतं.

मूठ बाहेर होती. चुकून आत जाऊ नये म्हणून मुठीमागच्या दांडीला तारेचे चार वेढे दिले होते. तार नवी होती.

हौसाबाईने एकेक वेढा सोडवला. मूठ आत ढकलली. चावी फिरवली.

जीप एकदा खोकलली आणि सुरू झाली.

ओल्या हातांनी पवन धावत आला. तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला.

"माय, गाडी वाशिमात शिरून राह्यली!" सुप्रिया ओरडून बोलत होती. "जीपचा आवाज येते मले. आलीस ना? कोन्या बाजूनं उभी हायेस? मी दारातच हाव पोरीले घेऊन."

पवनने हात जोडले. मान हलवत राहिला, नको, नको.

"मी घरीच हाव," हौसाबाई म्हणाली. "जीपीले काई झालं नव्हतं पोरी. पवननं चालू होऊच देली नाही."

पलीकडे एक बाळ रडत होतं. नातीचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. मग फोन कटला.

पवनचे जोडलेले हात सुटले.

"मंग काय करत होतो मी?" तो चिडून म्हणाला. "आपल्याले न सांगता पळून गेली ती. तिनं तुले दगा देला, मले देला. अन्‌ तू तिले भेटाले चालली!"

हौसाबाई जीपमधून उतरली. दोन वर्षं जपलेली गोष्ट तिला आता कुणासाठी जपायची नव्हती.

"मले नाही देला," ती म्हणाली. "ती मले इचारून गेली, पवन. तिची बॅग म्याच भरून देली होती."