तत्त्वाचा माणूस

लग्न ठरल्यावर श्रीवत्स वेदश्रीला घेऊन लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप निवडायला गेला. त्याला विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली नीट चालेल असाच हवा होता. एकाचं वायफाय लागेना, दुसऱ्याचा आवाज येईना. हा आपला चिकाटीने लिनक्सची सीडी घालून तपासतोय.

"विंडोज फुकट घालून देतो की, साहेब," दुकानदार म्हणाला.

"चोरीचं? छे! तत्त्व म्हणजे तत्त्व."

वेदश्रीला त्याचा केवढा अभिमान वाटला. शेवटी एक लॅपटॉप पसंत पडला.

"बिल हिच्या अप्पांच्या नावावर करा," तो सहज म्हणाला. "लग्नाच्या बैठकीत तसंच ठरलंय."

अप्पांनी घरात हे कुणालाच सांगितलं नव्हतं. वेदश्रीला त्याच्या शेजारी उभं राहायचीही किळस आली.



"अण्णा, तो खोका परत ठेवा," ती दुकानदाराला म्हणाली, "लग्न मोडलंय."