पिसारा

शिडी लावून झाली होती, करवतीला धार झाली होती, तरी हेडली पिम वर चढत नव्हता. समोर त्याचा मोर उभा होता. यू नावाच्या सदाहरित झाडाला कापून कापून केलेला, दोन पुरुष उंच, हवेलीच्या बागेत, चर्चच्या बाजूच्या भिंतीशी. चोच, मान, भरलेली पाठ आणि मागे पार वाटेपर्यंत उतरलेला पिसारा. तो पिसारा आज काढायचा होता, आणि काढायचा होता हेडलीनेच.

त्याने हात वर केले असते तर विश्वस्त मंडळ बाहेरून माणसं आणणार होतं. ती यांत्रिक करवत घेऊन येतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकतात. त्यांच्या हातून मानसुद्धा शिल्लक राहिली नसती.

हवेलीच्या बागेची नवी व्यवस्थापक, मिस फेअरली, हातात जुना फोटो घेऊन शिडीपाशी उभी होती. बाग १९११ साली होती तशी करायची, असा ठराव झाला होता, आणि १९११चा पुरावा म्हणजे हा एकच फोटो. त्यात मोर होता, बिनपिसाऱ्याचा. शेजारी कात्री घेतलेला मिशाळ माणूस म्हणजे हेडलीचे आजोबा. फाटकावरच्या फलकावर तोच फोटो मोठा करून लावलाही होता.

हेडलीने मंडळाला तीनदा सांगितलं होतं, त्यात एकदा पत्र लिहून. पत्राबद्दल त्याला आभाराचं कार्ड आलं. आता त्याने चौथ्यांदा सांगितलं.

"तेव्हा पिसारा यायचा होता, मिस फेअरली."

"फोटोत नाहीये, हेडली."

"कसा असेल? यू वर्षाला वीतभर वाढतो. आजोबांच्या मोराची नुकती कुठे मान बसली होती." त्याने मातीच्या बोटाने मोराच्या मागची तिरकी रेघ दाखवली. "ही काठी. हिला कोंब बांधलेत. हीच त्याची सुरुवात."

तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. मुलगी वाईट नव्हती, तीच तर अडचण होती. तिच्यावर धड चिडताही येत नव्हतं. मंडळाला ती रेघ म्हणजे फोटोवरचा ओरखडा वाटला होता, आणि फलकासाठी तो पुसून घेतला होता, हे तिने खाली बघत कबूल केलं. मग विचारलं, आजोबांनी याबद्दल काही लिहून ठेवलंय का. तसं काही असतं तर मंडळापुढे ठेवता आलं असतं.

"आजोबा सहीच्या जागी फुली मारायचे," हेडली म्हणाला.

एकशे दहा वर्षं वाढलेली गोष्ट समोर उभी होती आणि या लोकांना कागद हवा होता. हेडलीच्या वडिलांनी थंडीत रोज पहाटे त्या पिसाऱ्यावरचा बर्फ केरसुणीने झाडला होता. शेवटचं टोक वाटेवर वळवायला खुद्द हेडलीची बावीस वर्षं गेली होती. आता तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. संताप संताप झाला त्याचा, पण तो कुणावर काढायचा हेच कळेना, म्हणून तो शिडी चढला.

पोस्टमन क्लेम भिंतीवरून डोकावला. "काय रे हेडली, ख्रिसमसला कापणार का ही कोंबडी?"

एरवी हेडलीने त्याला सव्याज परत केलं असतं. आज त्याने करवत चालवायला घेतली, आणि क्लेमही टोपी सारखी करून निघून गेला.

दुपारपर्यंत काम चाललं. आतल्या फांद्या मनगटाएवढ्या जाड होत्या आणि कापल्यावर लालसर दिसत होत्या. मिस फेअरली फोटोशी ताडून बघत खालून सांगत होती, जरा डावीकडे, आणखी थोडं. शेवटी ती थांबली. झाला, म्हणाली, अगदी फोटोतल्यासारखा. तिने मंडळासाठी चार फोटो काढले.

हेडली खाली उतरला आणि अवजारांच्या खोलीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात हेझलच्या झाडाची लांब काठी होती. मोराच्या मागे त्याने ती तिरकी रोवली. बुडाशी मुद्दाम राखलेला एक कोवळा कोंब ओढून घेतला आणि सुतळीने काठीला बांधला. गाठ सैल ठेवली, कोंबाला काचू नये म्हणून.

"हे काय करताय?" मिस फेअरली म्हणाली. "हेडली, आपलं ठरलंय. फोटोत आहे तेवढंच ठेवायचं."

हेडलीने तिच्या हातातला फोटो तिच्याच डोळ्यांपुढे धरला.

"मोजून बघा," तो म्हणाला. "काठीचा कलसुद्धा तोच आहे."