डोळ्याखालचा भोवरा

"मोरखी वर ओढ," शिवदास म्हणाला. "अजून. पट्टा बरोबर डोळ्याच्या खाली आला पायजे."

म्हाताऱ्या अंबाजी मोतद्दाराने तोंडाला बांधलेल्या मोरखीचा चामड्याचा पट्टा वर सरकवला. आठ महिन्यांची शिंगी, कोवळी घोडी, मान झटकून उभी राहिली. तांबडी, लांब पायांची, स्वभावाने अगदी गरीब. तिच्या डोळ्याखालचा केसांचा भोवरा पट्ट्याआड गेला.

"चिरागभायला दिसंलच की," अंबाजी पुटपुटला.

"तो दलाल. त्याला भोवरा म्हंजे नुसती ओळखीची खूण. पण संगं घेणारा मालक आला तर?"

शर्यतीच्या घोड्यांच्या धंद्यात शिवदासचे केस पांढरे झाले होते. पुण्याकडच्या मोठ्या स्टड फार्मवर उमेदीची वर्षं घालवून तो चौलला परतला आणि नारळीच्या वाडीत त्याने स्वतःच्या चार घोड्या उभ्या केल्या. वंशावळ, रक्ताची तपासणी, कातडीखालची चिप, यांवर त्याचा भरवसा. शिंगी जन्मली तेव्हा अंबाजी म्हणाला होता, "ह्यो डोळ्याखालचा भोवरा आसूढाळ हाय. मालकाला रडवतो." शिवदास पोट धरून हसला होता.

तिला व्यालेली घोडी उठलीच नाही. तरी तो म्हणाला, होतं असं. मग पावसाळ्यात त्याची बायको सोनूबाई साध्या तापाने गेली, आणि त्यानंतर शिवदास कशालाच हसला नाही.

"ज्याच्या नावावर घोडं, त्याच्या घरात रडं," अंबाजीने सांगितलं. "सोडून द्या, दान द्या, गोळी घाला, सुटका न्हाय. कुनीतरी राजीखुशीनं इकत घेतली पायजेल."

आणि आता लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. प्राप्ती उरणला दिलेली, जावई हितेशचा ट्रेलरचा धंदा. पोटुशी बाईच्या कानावर अभद्र घालू नये, म्हणून शिवदास तिच्यापाशी भोवऱ्याचं अवाक्षर बोलला नव्हता. विक्रीचं कळल्यावर तिने मात्र फोनवर त्याला फैलावर घेतलं होतं.

"आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलीय तिला. का विकताय, बाबा?"

"चांगलं गिऱ्हाईक आलं की सोडू नये, बाय."

"काय अडचण हाय का? खरं सांगा."

"न्हाय गं," म्हणून त्याने घाईघाईने फोन ठेवून दिला.

चिराग एकटाच आला. त्याने शिंगीच्या पायांवरून हात फिरवला, तिला वाडीत चालवून पाहिलं, मान डोलावली.

"मालक न्हाय आले?" शिवदासने विचारलं.

"मालकीण आहे, शिवदासभाई. नाव सांगायचं नाही, एवढीच तिची अट."

या धंद्यात त्यात नवल काहीच नव्हतं. बडी गिऱ्हाइकं दलालाच्या आडूनच बोली लावतात.

"तुमच्या शब्दावर घेतो," चिराग म्हणाला. "काही खोड?"

शिवदासची नजर पट्ट्यावर गेली. "कसली खोड न्हाय."

चिरागने हात पुढे केला. शिवदासचा हात मात्र उठेना.

"त्या बाईंच्या घरी ल्हान पोरं हायत का?"

चिराग हसला. "अजून तरी नाहीत."

तेवढ्यावर शिवदासने हात मिळवला. आपण कुणाच्या तरी उंबऱ्यात साप सोडतोय, हे त्याला पुरतं कळत होतं. स्वतःची किळस आली. पण पोटच्या पोरीपुढे परक्याचा विचार कोण करतो? "मोरखी राहू दे," तो म्हणाला. "आमच्याकडून भेट."

नोंदणीत शिंगी नव्या मालकिणीच्या नावावर झाल्याचा फोन आला, तेव्हा घोड्यांची गाडी येऊन तिला घेऊन गेली. अंबाजीने तबेला गोमूत्राने धुतला. सोनूबाई गेल्यापासून पहिल्यांदा शिवदासला अन्न गोड लागलं.

प्राप्ती यायच्या दिवशी तो सकाळपासून फाटकात उभा होता. त्याच्या बहिणीने आत घावने घातले होते. हितेशची गाडी वळणावर दिसली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पण तिच्या मागोमाग घोड्यांची गाडीही वाडीकडे वळली. आतून शिंगी खिंकाळली.

त्या बाईने पट्टा काढून पाहिला असणार. शिवदास तसाच धडपडत पुढे धावला.

"मी परत घेणार न्हाय!" तो ओरडला. "सौदा झाला! ज्याची त्यानं न्यावी!"

हितेशने दार उघडलं. प्राप्ती सावकाश उतरली. चेहरा उन्हाने लाल झालेला, पण हसू आवरत नव्हतं. तिने बापाचे हात आपल्या हातांत घेतले.

"परत कोण देतंय? इथंच राहील ती, तुमच्या डोळ्यांपुढं. चिरागभाईंना मीच पाठवलं होतं, बाबा."