विमानाने अर्धा तास

"विमानाने अर्धा तास, रस्त्याने तीन तास, आणि आता म्हणता विमान उडणार नाही?" डॉक्टरीणबाई फोनवर जवळजवळ ओरडल्याच.

तिकडे विमानतळावर धुकं ठाण मांडून बसलं होतं. बाईंच्या हातातल्या निळ्या पेटीत, बर्फात, एक हृदय होतं. पलीकडच्या शहरात एका मास्तरांची मुलगी त्याची वाट बघत टेबलावर होती. ते चार तासांत तिच्या छातीत बसलं नाही, तर सगळी धडपड पाण्यात आणि पोरगी गेली. हृदय कुणाचं, हे बाईंना ठाऊक नव्हतं. नेणाऱ्यांना नाव सांगायचं नाही, असा नियमच होता.

"रस्त्याने नेतो मी," मागून कुणीतरी म्हणालं.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. पाळी दुसऱ्याची होती, पण याने त्याच्या हातातली किल्ली सरळ काढून घेतली. तो लगेच बाजूला झाला. हॉस्पिटलच्या फाटकापाशी सगळे कर्मचारी उभे होते. वॉचमनने टोपी काढली. इथे डॉक्टरांना भलताच मान आहे बुवा, असं बाईंना वाटलं.

ड्रायव्हरने पेटी पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला. "मागे फार आदळतं, मॅडम."

बाई मागच्या बाकावर बसल्या, मधल्या खिडकीला डोळे लावून. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट, वळण आलं की अलगद. ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. "आलंच हं... एवढा चढ झाला की संपलं..." शेजारी तर कुणीच नव्हतं.

"कुणाशी बोलताय, काका?"

"सवय आहे. झोप येत नाही मग."

"रात्री झोपला नाहीत?"

"दोन-तीन रात्री नाहीच."

झालं! बाईंनी बाकाची कड घट्ट धरली. याला बोलतं ठेवलेलं बरं, म्हणून त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"बायको. एक मुलगा. विमानात बसायची भारी हौस त्याला. आज निघायचं होतं, पण या मेल्या धुक्याने घात केला."

"म्हणजे माझ्यासारखीच गत! त्याला म्हणावं, रस्त्याने जा."

"तसंच म्हटलं," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने गिअर बदलला.

गाडी वेळेत पोचली. बाई धावत पुढे आल्या. ड्रायव्हरने पट्टा सोडला, पण पेटीवरचा हात काही उचलेना.

"अहो काका, सोडा ना!"

त्याने हात काढला. पेटी आत गेली.

दुपार कलल्यावर बाई बाहेर आल्या. मास्तर भिंतीला धरून हमसून हमसून रडत होते, आणि रडता रडता हसत होते. अँब्युलन्स अजून तिथेच उभी होती.

"अजून गेला नाहीत? काही खाल्लंत तरी का?"

"लागलं का, मॅडम?"

"लागलं म्हणजे काय! पहिल्या झटक्यात. नुसतं धडधडतंय."

त्याने मान हलवली. खिशातून फोन काढला, पाठ वळवली आणि हळूच म्हणाला, "अगं, पोचवलं मी त्याला. चालू झालंय आपल्या पोराचं. आता रड तू."