सैल गाठ

चोरून आणलेलं रोप चांगलं जगतं म्हणतात. म्हणून उज्वलाने कोपऱ्यावरच्या बंद घराच्या कुंपणावर वेलासारखा चढलेल्या निवडुंगाचा हातभर तुकडा न विचारता कापून आणला. आठ दिवस सावलीत सुकवला आणि घणसोलीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीसमोर, वाळूमाती भरलेल्या पत्र्याच्या डब्यात लावला.

वेलाला आधार म्हणून तिने बांबू रोवला, जुन्या साडीच्या चिंधीने वेल त्याला बांधला. गाठ सैलच ठेवली. घट्ट बांधलं तर वाढताना खोड कापलं जातं.

महिन्याभराने वीतभर वर दुसरी चिंधी दिसली. गाठ तशीच सैल, कापड मात्र निळ्या चौकड्यांचं.

"तुमी बांधली का हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

मार्केटात दिवसभर गोणी वाहून आलेला शहाजी चहा पीत म्हणाला, "मला कुठं वेळ हाय? तूच बांधली असशील."

निळ्या चौकड्यांची चादर पलंगावरच होती. तिचा काठ फाटलेला होता.

तिसरी चिंधी पडद्याची निघाली. तोवर वेलाचा शेंडा खिडकीच्या गजांना टेकला होता.

त्या दुपारी उज्वलाने झोपलेल्या लेकीवर पांघरूण घातलं, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि डबा उचलून बंद घराच्या कुंपणाशी ठेवून आली.

कुलूप उघडलं तेव्हा तीन वर्षांची तेजश्री तशीच झोपलेली होती, फक्त एक हात वर होता. मनगटाला तिच्याच फ्रॉकची चिंधी होती, दुसरं टोक खिडकीच्या गजाला.

उज्वलाने गाठीत बोट घातलं. बोट सहज गेलं. वाढायला जागा ठेवलेली होती.