गळकी गाडी

गाडीखालची माती परत काळी झालेली पाहून बद्रीनाथनं कपाळावर हात मारला. कालच तर इंजिनात ऑइल भरलं होतं. आणि उद्या सरूबाईचं डायलिसिस. म्हणजे झालं कल्याण!

दिवसाआड गारखेड्यातला दवाखाना होता. फुलंब्रीजवळच्या वस्तीवरून सकाळी निघायचं, चौक्याचा घाट ओलांडायचा, अख्खं शहर पार करायचं आणि बायकोचं रक्त मशीनमधून फिरून येईस्तोवर बाहेर बाकड्यावर बसून राहायचं. मग त्याच वाटेनं परत. पोरगी पैठणला सासरी, तिचंच तिला आवरेना. मग राहिलं कोण? बद्रीनाथ आणि त्याची मोटरसायकल.

गोकुळ मिस्त्रीनं मागं वरवर बघून सांगितलं होतं, "काका, गॅस्केट गेलं असंल. इंजिन खोलावं लागंल. दोन-तीन दिस गाडी सोडा माझ्याकडं."

सोडा म्हणे! दवाखाना काय थांबणार होता? गळती तर थेंबाथेंबाची. वरून ऑइल ओतलं की भागत होतं. असं म्हणत बद्रीनाथ दिवस ढकलत होता. दिवसा त्याला ते पटायचंही. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही. सरूबाईचा श्वास चालू आहे ना, हे ऐकत तो पत्र्याकडं बघत पडून राहायचा.

सरूबाई म्हणायची, "टाका की गाडी मिस्त्रीकडं. यष्टीनं जाऊ."

"येड लागलं का तुला? दवाखान्यातून निघताना तुला उभं राहवत नाय. यष्टीत जागा कोण देतं?"

"देत्यात. सगळी माणसं काय मेली नाय. आन् तुमाला बी जरा इसावा."

"मला काय धाड भरली?"

विषय तिथंच संपायचा. आपण थकलो असं कुणी म्हटलेलं बद्रीनाथला आयुष्यात कधी खपलं नव्हतं. आजारपणानं बाई हट्टी झाली, असं त्याचं मत. हट्टी आणि बडबडी. गाडीवर मागं बसली की तोंड बंद म्हणून नाही. ते शेत कुणाचं, ही पाटी कसली, सारजाबाईची म्हैस व्याली का. उत्तर द्यायला उशीर झाला की पाठीत बुक्की. हीच बाई आधी चार माणसांत शब्द बोलायची नाही. रोग माणसाचं काय करून सोडतो बघा!

पण आज मातीत थेंब नव्हते, भाकरीएवढा डाग होता. उद्या भर घाटात गाडी बंद पडली तर हिला घेऊन कुठं जायचं? आणि आज इंजिन खोलायला दिलं तर उद्या न्यायचं कशावर? इकडं आड, तिकडं विहीर. बद्रीनाथचा जीव नुसता कासावीस झाला. दुपारी शेवटी त्यानं ऑइल ओतलं आणि गाडी गोकुळकडं नेली.

गोकुळनं ती आडवी केली, खाली हात घातला आणि बोटांनी चाचपून बघितलं.

"काका, गॅस्केट ठणठणीत हाये. हा खालचा नट ढिला केलाय. पान्याच्या खुणा बघा ह्या. कुणीतरी मुद्दाम करतंय."

"मुद्दाम?"

"तर! घाटात सगळं ऑइल गेलं असतं, इंजिन जाम झालं असतं, तर चाक जागीच धरलं असतं. तुमी दोघं रोडवर आन् मागून ट्रक."

गोकुळनं नट आवळून दिला. काम एवढंच होतं. पण बद्रीनाथच्या डोळ्यांत रक्त उतरलं. मुद्दाम करणारा माणूस त्याला एकच ठाऊक होता. शेजारचा चुलतभाऊ सांडू. बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. बांधाचं भांडण बांधावर राहू दे ना! आजारी बाईच्या जिवावर उठतो?

घरी आला तसा त्यानं कुऱ्हाडीचा दांडा उचलला आणि अंगणातूनच ओरडला, "सांड्या, भाईर ये! माज्या गाडीला हात लावतो व्हय रं? आज तुजा मुडदाच पाडतो!"

सरूबाई भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली.

"त्याला काय बोलू नका. नट म्याच ढिला करते."

बद्रीनाथनं तिच्या हातांकडं बघितलं. विहिरीवरचं डिझेल इंजिन इतकी वर्षं हिनंच सांभाळलेलं. पाना हिच्या हाताला काय नवा नव्हता. हे त्याच्या ध्यानात आलं. दांडा टाकून तो ओट्यावर मटकन बसला. गाडी बंद पडावी, दवाखाना चुकावा, त्या जाड जाड सुया चुकाव्यात, असंच ना? म्हणजे आपण हिला ओढून ओढून नेत होतो आणि हिचं मन कधीच उठलं होतं. एवढा दांडगा गडी, पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

"येवढा कटाळा आला का गं? मला एकल्याला टाकून जायचं व्हतं? सरू, तुला जगायचंच नाय का?"

सरूबाईला धाप लागली होती. ती त्याच्याशेजारी टेकली. पदरानं तिनं त्याचं तोंड पुसलं, चांगलं खसाखसा पुसलं.

"मला लई जगायचंय," ती म्हणाली. "म्हणून तर ढिला करते. घाटात गाडी चालवता चालवता तुमचा डोळा लागतो."