बारावी भेग

बारावी भेग त्याची नव्हती.

भेगोबाने कॅमेऱ्यामागे उभ्या उभ्या पुन्हा मोजलं. शाळेच्या या खोलीत त्याने स्वतःच्या हाताने अकरा भेगा रंगवल्या होत्या. हिंदी सिनेमात त्याची ओळखच ती. खेड्यातली गरिबी दाखवायची म्हटलं की भिंती रंगवायला भेगोबा हवा. काळी रेघ, तिच्या कडेने पांढरी, वरून ओल्या फडक्याचा हलका हात. धडधाकट भिंत तासाभरात पडायला टेकल्यासारखी दिसायची. आज सकाळी दिग्दर्शकांनी तुळईच्या टोकाखालची भेग पाहिली आणि त्याची पाठ थोपटली. ही सगळ्यात खरी वाटते, म्हणाले. काल घाईघाईत आपणच काढली असेल, असं समजून भेगोबाने कौतुक खिशात घातलं. फुकटच्या शाबासकीला नाही कोण म्हणतं?

आता शॉट चालू होता आणि त्या भेगेतून माती गळत होती. रंगातून माती गळत नाही.

खाली सतरंज्यांवर गावातली चाळीस माणसं बसली होती. समोर खुर्चीत बडा साहेब झालेला नट. गोष्ट अशी की सरकारी इमारत पडायला आलीय, एक साधा कारकून जिवाच्या आकांताने ओरडतोय, पण साहेब उठत नाही म्हणून कुणीच उठत नाही. डोळ्यांना दिसतंय ते तोंडाने बोला, हा सिनेमाचा उपदेश. दिग्दर्शकांनी गावकऱ्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कुणी कितीही बोंबललं तरी जागचं हलायचं नाही. मी ‘कट’ म्हणेन तेव्हाच उठायचं." बिचारे इमानाने बसले होते. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या टोपीवर माती पडत होती, तरी तो ती झटकत नव्हता.

आणि मग भेगोबाला आठवलं. तिथे भेग होतीच. पहिल्या दिवशी ती पाहून दिग्दर्शकांनी नाक मुरडलं होतं. फार सरळ आहे, खोटी वाटते, म्हणाले. त्याने तिच्यात पुट्टी भरली, वरून चुना फिरवला आणि वीतभर अंतरावर तिच्यापेक्षा झकास, वाकडी भेग रंगवली. शाळेची शिपाईकाकू पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी राहून सगळं बघत होती. नीट बसेल ना हो, असं तिने विचारलं होतं. हात चालवता चालवता तो म्हणाला होता, काकू, आता शंभर वर्षं काळजी नको. गमतीत म्हणाला होता.

बोलावं का? पण बोललं की पहिला प्रश्न येणार, भेग बुजवली कुणी. शिवाय ‘कट’ हा शब्द दिग्दर्शकांचा. मागच्या महिन्यात दिव्यातून धूर निघाला म्हणून एका लाइटवाल्याने तो उच्चारला, तर त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं होतं. आपण बरं की आपलं काम बरं, असं भेगोबा मनाशी म्हणाला. शॉट संपेल एवढ्यात. दोन मिनिटांचा तर आहे.

तुळई करकरली.

तो कॅमेऱ्यासमोर कसा गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. तीन दिवस तालमीत ऐकून ऐकून डोक्यात बसलेलं तेवढंच वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

"भागो, छत गिर रही है!"

एक माणूस हलला नाही. मागे दोघं गालात हसले. कारकून झालेला नट आपलं वाक्य दुसऱ्यानेच म्हटलं म्हणून बघत राहिला. दिग्दर्शकांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी कॅमेरा चालू ठेवायची खूण केली. भेगोबाने म्हाताऱ्याचा दंड धरून ओढला, तसा तो आणखी घट्ट मांडी घालून बसला. असल्या युक्तीला तो फसणार नव्हता. शेजारी बसलेल्या शिपाईकाकूने भेगोबाला डोळ्यांनीच दटावलं, बाजूला व्हा, मध्ये येताय.

भेगोबाने डोळे मिटले. "कट," तो म्हणाला. मग जोरात म्हणाला, "कट."

चाळीसच्या चाळीस माणसं उठली. पाय मोकळे करत, चहा कुठेय विचारत बाहेर पडली. साहेबही खुर्ची सोडून निघाला, त्याच्यामागून कारकून आणि कॅमेरावाले. दिग्दर्शक लालबुंद होऊन भेगोबाला दंडाला धरून अंगणापर्यंत घेऊन आले आणि विचारू लागले, तू कोण कट म्हणणारा. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागे तुळई कोसळली. छप्पर तिच्यामागून आलं. दारातून धुळीचा लोट बाहेर पडला. आत सतरंज्या तेवढ्या राहिल्या होत्या.

दिग्दर्शक पायरीवर बसले आणि हाताला लागलेला चुना बघत राहिले. म्हाताऱ्याने आता टोपी काढून झटकली, मग येऊन भेगोबाचे दोन्ही हात धरले. देवासारखा धावलास, म्हणाला. माणसं भोवती जमली. भेगोबाला रडू आवरेना.

शिपाईकाकू मात्र लांबच उभी होती. थोड्या वेळाने ती जवळ आली.

"त्या एका भेगेपायी आमची पोरं दोन वर्षं झाडाखाली शिकली," ती म्हणाली. "तुम्ही बुजवलीत, शंभर वर्षं काळजी नको म्हणालात. मीच जाऊन हेडमास्तरांना सांगितलं. आज तुमचं शूटिंग संपलं की उद्यापासून पोरं आत बसणार होती."